कर्तरी प्रयोग : जत्रेतल्या विज्ञानाचा धावता इतिहास

१

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द तीन घरी नांदतो. नाट्यगृहाच्या फलकावर तो दिसतो, तेव्हा अंधारात बसून पाहण्याची गोष्ट असा त्याचा अर्थ होतो. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या दारावर तो दिसतो, तेव्हा स्वतःच्या हाताने करून पाहण्याची गोष्ट असा होतो. आणि व्याकरणाच्या तासाला तो येतो, तेव्हा वाक्यातले क्रियापद कोणाचे ऐकते, याचा तो निवाडा असतो. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याकडे पाहून आपले रूप बदलते. कर्मणीत ते कर्माकडे पाहते. भावे प्रयोगात दोघांकडेही पाहत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे तिन्ही अर्थ ठाऊक असतात, पण ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. येथे आम्ही तो मुद्दाम आणतो आहोत. जत्रा, मेळे आणि उत्सव या जागी सहकुटुंब येणाऱ्या माणसाच्या हाती विज्ञान कसे आले, हा इतिहास या एका शब्दाच्या आधाराने नीट सांगता येतो, असे आम्हांस वाटते.

मराठीतल्या विज्ञानप्रसाराचा इतिहास आपण आजवर बहुधा छापील मजकुराचा इतिहास म्हणून लिहिला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ (१८४०), पुढे ‘सृष्टिज्ञान’ (१९२८), मराठी विज्ञान परिषदेची स्थापना (१९६६) आणि तिची पत्रिका हे त्यातले ठळक टप्पे. या परंपरेने भाषेला पारिभाषिक शब्द दिले, निबंधाचे वळण दिले, विज्ञानकथेसारखा एक प्रकार दिला. तिचे ऋण मोठे आहे. पण छापील मजकूर वाचणाऱ्यापर्यंतच पोचतो. ज्या घरात एकच मूल शाळेत जाते, आई अंगठा उठवते आणि आजोबा आठवड्याच्या बाजारापलीकडे फारसे गेलेले नाहीत, त्या घराशी विज्ञानाची गाठ कोठे पडली? ती पडली असेल तर जत्रेत, मेळ्यात, ग्रहणाच्या दिवशी रस्त्यावर. ग्रंथसूचीत या भेटींची नोंद सापडत नाही, म्हणून वाङ्मयेतिहासाने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

२

जत्रेला कुतूहल नवे नव्हते. गारुडी, डोंबारी, नजरबंदीचे खेळ, डोळा लावून पाहायची चित्रांची पेटी, आकाशपाळणा ही सारी कुतूहलाचीच दुकाने. मात्र त्या कुतूहलाचा एक अलिखित करार होता. दाखवणारा दाखवील, पाहणारा पाहील, आणि ‘कसे केले’ हे कोणी विचारणार नाही. विचारले तर खेळ मोडतो. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. त्यांनीच १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, बीजापासून वेलापर्यंतची वाढ पडद्यावर काही क्षणांत धावताना दाखवली. भांडवलदाराला आपल्या कलेची खात्री पटवावी हा त्यामागचा हेतू. ‘अंकुराची वाढ’ हा जादूचा खेळही होता आणि वनस्पतिशास्त्राचा पाठही होता. रोज दिसूनही न दिसणारी एक गती त्याने डोळ्यांसमोर आणली. तरीही पाहणारा अंधारात बसलेला होता आणि वाटाणा फाळक्यांच्या कुंडीत होता.

युरोपातही आरंभ असाच झाला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. त्यांमागे मायकेल फॅरडे होता: लोहाराचा मुलगा, पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला. पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा तपशील विशेष प्रिय आहे. त्याने १८६०-६१ च्या हिवाळ्यात मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्याने दिली आणि ती पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. ज्योत कशाने पेटती राहते, मेण वर कसे चढते, जळून झाल्यावर पाणी कोठून येते, आपल्या श्वासाशी त्याचे नाते काय, असा तो प्रवास आहे. विषय घरातला निवडल्यामुळे मूल घरी जाऊन तीच ज्योत पुन्हा पाहू शकत होते, हे फॅरडेचे खरे शहाणपण. पण १८५५ सालच्या त्याच्या एका व्याख्यानाचे जे प्रसिद्ध चित्र आहे, त्यात पुढच्या रांगेत राणीचा नवरा आणि राजपुत्र बसलेले दिसतात आणि मधे एक लांब टेबल आहे. टेबलाच्या अलीकडे श्रोते, पलीकडे फॅरडे. हा प्रयोग अजून नाट्यगृहातल्या अर्थाचाच होता.

तेव्हा आमचा प्रश्न असा : हे टेबल ओलांडले कोणी?

३

आमच्या भागापुरते उत्तर शोधायचे, तर नर्मदेच्या काठी जावे लागते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आजचे नर्मदापुरम) १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची एक वेगळी पद्धत सुरू केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक गावात येऊन राहिले, शिक्षकांबरोबर बसले. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ साली त्यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांचे वैशिष्ट्य असे, की पुस्तक उत्तर सांगत नसे. मुले छोट्या टोळ्यांत बसत, फूल उघडत, बी रुजवत, वजन करत, वहीत लिहीत आणि एकमेकांशी वाद घालत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पुस्तकात पाठ करण्यासारखे काही नव्हतेच.

साहित्याच्या अभ्यासकांनी या उपक्रमातल्या एका पात्राची दखल घ्यायला हवी. त्याचे नाव सवालीराम. मुलांनी आपल्या मनातले प्रश्न पत्राने सवालीरामला विचारायचे आणि सवालीरामने पत्रानेच उत्तर द्यायचे, अशी योजना होती. हा गृहस्थ प्रत्यक्षात कोठेच राहत नव्हता. त्याच्या नावाआड अनेक माणसे लिहीत. नावातच सवाल असलेला हा काल्पनिक गावकरी मुलांना शिक्षकापेक्षा जवळचा वाटावा, यात नवल नाही. शिक्षक प्रश्न विचारतो आणि मूल उत्तर देते, हा वर्गाचा जुना नियम सवालीरामने उलटा केला. एखाद्या कथाकाराने घडवलेल्या पात्राहून तो कमी नाही, असे आमचे मत आहे.

वर्गातून हे विज्ञान बाजारात कसे आले, याचीही एक कथा आहे. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली अभियंता होऊन पुण्याच्या टेल्कोत लागलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेले. तेथल्या आठवडी हाटात हिंडून त्यांनी गावात मिळणाऱ्या स्वस्त चिजा गोळा केल्या. त्यांत सायकलच्या व्हॉल्व्हला लावायची बारीक रबरी नळी होती. तिचे तुकडे कापून त्यांच्या तोंडांत काड्यापेटीतल्या काड्या बसवल्या, की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. त्याला तिरपी पाचवी काडी दिली, की तो उभा राहतो. या काड्यांचे पुस्तक १९८७ साली आले आणि पुढे कितीतरी भारतीय भाषांत, मराठीतही, पसरले.

या खेळाचे महत्त्व त्याच्या स्वस्ताईत आहेच, पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. मेळ्यात मूल हा त्रिकोण बनवू लागते, तेव्हा शेजारी उभा असलेला सुतार बाप ते लगेच ओळखतो. घराच्या छपराला तो जी कैची बसवतो, तिच्यात हाच त्रिकोण असतो. त्याला त्यातले गणित शाळेने शिकवलेले नाही, पण त्याच्या हातांना ते पाठ आहे. मूल आणि बाप यांच्यात अशा वेळी एक वेगळे बोलणे सुरू होते. शाळेच्या पुस्तकाने त्या दोघांत जे अंतर पाडलेले असते, ते काही वेळापुरते मिटते. ‘एकलव्य’ने भरवलेल्या बालमेळ्यांत कागदाच्या घड्या, मातीकाम, नाटक आणि प्रयोग यांचे कोपरे एकाच अंगणात मांडलेले असत आणि मुले या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत. विज्ञानाला वेगळे दालन दिले नाही, म्हणून कोणाला आत शिरायची भीती वाटली नाही.

होशंगाबादचा हा उपक्रम मध्य प्रदेश शासनाने २००२ साली शाळांतून बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली. इतिहास लिहिताना हे वाक्य टाळता येत नाही. हाताने करून पाहण्याच्या शिक्षणाला टाळ्या पुष्कळ मिळतात. त्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा द्यायची वेळ आली, की व्यवस्थेचा हात आखडतो.

४

टेबल ओलांडण्याचा दुसरा मार्ग केरळातून निघाला. १९६२ साली कोळिकोड येथे स्थापन झालेल्या ‘केरळ शास्त्र साहित्य परिषदे’च्या नावातच शास्त्र आणि साहित्य हातात हात घालून आहेत. सुरुवातीला तिचे काम मल्याळममधून विज्ञानलेखन करण्याचे होते. लेखन वाचकांच्या पलीकडे जाईना, तेव्हा १९८० मध्ये परिषदेने ‘शास्त्र कला जथा’ काढला. गाणी, पथनाट्ये, लोककलेचे प्रकार घेऊन कार्यकर्त्यांची टोळी गावोगाव गेली. महाराष्ट्रात त्याच वर्षी लोकविज्ञान संघटना सुरू झाली. आमच्या वाचकांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी याच महाराष्ट्रात विचाराला ढोलकीची साथ देऊन दाखवली होती. जथ्याने तीच रीत वापरली, विषय तेवढा नवा होता.

या प्रवाहाचे सर्वांत मोठे रूप म्हणजे १९८७ चा ‘भारत जन विज्ञान जथा’. २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, देशाच्या निरनिराळ्या भागांतून पाच जथे निघाले आणि ७ नोव्हेंबरला भोपाळात एकत्र आले. ७ नोव्हेंबर हा चंद्रशेखर वेंकट रामन आणि मारी क्यूरी या दोघांचाही जन्मदिवस. शेवटचा मुक्काम भोपाळ निवडला गेला, यात फार मोठा अर्थ आहे. त्या शहरात तीनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १९८४ मध्ये, कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने झोपेतल्या हजारो माणसांचा जीव घेतला होता. जत्रेतले विज्ञान म्हणजे गंमत, असे मानणाऱ्यांना या मुक्कामाने उत्तर दिले. शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे, नळाचे पाणी कोठून येते, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, हे विचारण्याची सवय नसलेल्या समाजाला काय किंमत मोजावी लागते, हे त्या शहरात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

जथ्यात ‘प्रयोग’ या शब्दाचे पहिले दोन अर्थ एकत्र आले. पथनाट्याचा प्रयोग आणि विज्ञानाचा प्रयोग एकाच चौकात, एकाच गर्दीपुढे होऊ लागला. पथनाट्याला पडदा नसतो, पाहणारा नटाच्या हाताच्या अंतरावर असतो. तरीही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, की जथा गावात काही तास थांबे आणि पुढे जाई. टाळ्या वाजवून झाल्यावर गावातल्या माणसांच्या हाती काय उरले, हा प्रश्न जथ्याच्या कार्यकर्त्यांनाही पडलेला असणार.

५

काही वेळा सारा समाज आपण होऊन प्रयोगाला बसतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. हातात दुधाची वाटी, चमचा, कडेवर मूल. या घटनेकडे केवळ भाबडेपणाचा नमुना म्हणून पाहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्या दिवशी लाखो लोकांनी एक कृती स्वतःच्या हाताने केली आणि निरीक्षणही नोंदवले : चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते. निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष चुकला होता. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला, की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या किंवा ओल्या मूर्तीवर तो थर दिसत नाही. वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवला. घरच्या वरवंट्यापुढे चमचा धरला असता तरी तेच दिसले असते. सुटलेली पायरी एवढीच होती, की ‘दुसऱ्या दगडावर करून पाहू’ असे रांगेत फार थोड्यांना सुचले.

या एका पायरीसाठी महाराष्ट्रात काही माणसांनी आयुष्य घातले. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावात, शाळेत, उत्सवात चमत्कारांचे सादरीकरण करीत. जिभेवर जळता कापूर ठेवणे, नारळातून भलतेच काही काढणे असे खेळ आधी बुवाच्या थाटात करून दाखवायचे आणि मग त्यांमागची युक्ती उलगडायची, अशी त्यांची पद्धत. जत्रेतल्या जुन्या कराराचा हा जाणीवपूर्वक केलेला भंग होता. जो खेळ ‘कसे केले’ असे विचारताच मोडतो, तो येथे विचारल्यावाचून पुरा होत नसे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य चौकात उभे राहून करणाऱ्याला कोणती किंमत पडू शकते, हे त्या सकाळी दिसले.

ग्रहणांची कथा अधिक आशादायक आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी मोठमोठ्या शहरांतले रस्ते ओस पडले होते. लोक दारे लावून घरात बसले. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीतल्या अमावास्येला पुन्हा ग्रहण आले, तेव्हा विज्ञान चळवळीने आधीपासून तयारी केली होती. सुरक्षित चष्मे, सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडण्याच्या युक्त्या आणि डोळे जपण्याच्या सूचना लोकांपर्यंत पोचवल्या गेल्या. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये ही सूचना परंपरेचीही होती आणि विज्ञानाचीही. फरक पुढच्या वाक्यात होता : परंपरा म्हणे घरात बसा, विज्ञान म्हणे सूर्याकडे पाठ करून चाळण धरा. स्वयंपाकघरातली चाळण उन्हात धरली, की तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक कोर उमटते. झाडाखालच्या कवडशांचेही तसेच होते. ज्या आजीने आयुष्यभर ग्रहणात पाण्यावर तुळशीपत्र ठेवले, तिच्याच हातातली चाळण आता ग्रहण दाखवू लागली. परंपरेतून विज्ञानाकडे येण्यासाठी तिला काही फेकून द्यावे लागले नाही, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

६

महाराष्ट्रात या साऱ्या धाग्यांची गाठ पुणे जिल्ह्यात पडली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात मुलांसाठी जी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली, तिला पैसा मिळाला तो पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाचा. इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे हे नाव, आणि त्यात देणगीदाराची आद्याक्षरेही लपलेली. कोटीबाज लेखकाला याहून साजेसे स्मारक सुचले नसते. अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून २०१४ पर्यंत येथेच काम केले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या त्यांच्या रीती येथून जगभर गेल्या. एका विनोदी लेखकाच्या मानधनाचा पैसा मुलांच्या हातातल्या काड्यांपर्यंत कसा पोचला, हा मराठी वाङ्मयेतिहासाचाच एक प्रसंग मानायला हवा.

‘आयुका’चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची एक सवयही येथे नोंदवतो. मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते वहीवर सही करण्याचे टाळत. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल, असे ते सांगत. होशंगाबादचा सवालीराम आणि पुण्याचा खगोलशास्त्रज्ञ यांनी एकच युक्ती वापरलेली दिसते : मोठ्या माणसाचे नाव मिळवायचे असेल, तर आधी आपला प्रश्न द्या.

२८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. आदल्या दिवशी, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिन असतो. लागोपाठच्या या दोन दिवसांचा एकमेकांशी संवाद व्हावा असे मात्र आपल्या महाविद्यालयांना क्वचितच वाटते. जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावात विज्ञान दिनाला जे घडते, ते म्हणूनच पाहण्याजोगे आहे. तेथे महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. विज्ञान दिनाला या दुर्बिणीचे आवार लोकांसाठी खुले होते. शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात आणि पंचक्रोशीतली माणसे पोराबाळांसह पाहायला येतात.

खोडदला जायचे तर नारायणगावावरून जावे लागते. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे गाव. पाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी द्यायला येतात. म्हणजे फेब्रुवारीअखेर विज्ञानाची जत्रा आणि तिच्या पाठोपाठ, चार-सहा आठवड्यांत, तमाशाचा हंगाम. एकाच टापूतली माणसे दोन्ही ठिकाणी असतात. प्रयोग पाहण्याची त्यांची नजर तयार आहे, दाद देण्याची सवय आहे, आणि न पटल्यास तसे सांगण्याचीही.

दुर्बीणसुद्धा अशी, की ती घरच्या वस्तूंनी समजावता येते. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीला पत्रा न लावता पोलादी तारांची जाळी ताणून बसवली. त्यामुळे वजन आणि खर्च कमी झाला आणि वारा आरपार जाऊ लागला. मग जाळीतून रेडिओ लहरी निसटत कशा नाहीत? येथे पुन्हा ती चाळण मदतीला येते. चाळणीच्या भोकापेक्षा मोठा दाणा जसा वर राहतो, तशी भोकांहून पुष्कळ लांब असलेली लहर जाळीवरून परतते. ही उपमा आहे, पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. पण धान्य चाळणाऱ्या बाईला ती आत घेऊन जाते आणि पुढचा प्रश्न तिचा तिलाच सुचतो. या परिसरात विजेच्या ठिणग्यांचा आणि यंत्रांचा रेडिओ गोंगाट कमी असावा लागतो, म्हणूनच तर ही जागा निवडली. आपले गाव शांत आहे म्हणून येथे दूरच्या दीर्घिकांचा आवाज पकडता येतो, हे कळल्यावर शेतकऱ्याचे त्या तबकड्यांशी असलेले नाते बदलत असले पाहिजे.

७

आता सुरुवातीच्या व्याकरणाकडे येऊ. सरकारी अहवालांत आणि वृत्तपत्रांत आपण नेहमी वाचतो, ‘विज्ञान दिन उत्साहात साजरा करण्यात आला.’ या वाक्यात क्रियापद दिनाकडे पाहून चालते आणि कर्ता वाक्यातून नाहीसा झालेला असतो. साजरा कोणी केला, हात कोणाचे लागले, हे वाक्य सांगत नाही. अनेक विज्ञान मेळे प्रत्यक्षातही या वाक्यासारखेच असतात. सोड्याच्या ज्वालामुखीभोवती गर्दी, कोरड्या बर्फाचा धूर, स्टॉलवर पाठ केलेले भाषण म्हणणारा विद्यार्थी, आणि टेबलाच्या कडेला ‘हात लावू नये’ अशी पाटी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि महिन्याभरात आलेल्या गणेशोत्सवात कितीतरी मंडळांनी त्याचे देखावे उभारले. अभिमान रास्त होता. पण देखावा हा शब्दच सांगतो, की आपण अजून फॅरडेच्या टेबलाच्या अलीकडे बसलो आहोत, आणि कधीकधी टेबलाच्या पलीकडे कोणीच नसते.

देखाव्याला आमचा विरोध नाही. आश्चर्य वाटल्यावाचून प्रश्न पडत नाही आणि आश्चर्य निर्माण करण्याची कला जत्रेइतकी कोणाला अवगत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की पाहणे आणि करणे यांच्यामध्ये एक पायरी आहे आणि ती बांधायला फारसा खर्च येत नाही. रबरी नळीचे चार तुकडे, काड्यापेटी, चाळण, दुधाचा चमचा आणि घरातला वरवंटा, एवढ्या सामग्रीवर या इतिहासातले बरेचसे प्रयोग झाले. खर्च दुसरीकडे आहे. हाती चमचा दिलेला माणूस दुसऱ्या दगडावर करून पाहणार, आणि मग तो देवळात, दवाखान्यात, कारखान्याच्या फाटकाशी आणि पोराच्या शाळेतही तसेच विचारणार. होशंगाबादचे वर्ग बंद झाले आणि पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या, या दोन घटना आकाराने सारख्या नाहीत, त्यांची कारणेही वेगळी आहेत. पण दोन्हींच्या मुळाशी विचारणाऱ्या माणसाविषयीची अस्वस्थता आहे, असे आम्हांस वाटते.

साहित्याच्या शिक्षकांनी या इतिहासात का पडावे, असा प्रश्न कोणी करील. जलसा, पथनाट्य, पत्र, काल्पनिक पात्र, उपमा आणि कोटी, ही सारी साधने आमच्या घरची आहेत आणि या लोकांनी ती आमच्यापेक्षा धीटपणे वापरली, हे एक उत्तर. दुसरे उत्तर व्याकरणाच्या तासापुरते आहे. पुढल्या वेळी कर्तरी प्रयोगाची उदाहरणे फळ्यावर लिहिताना ‘राम आंबा खातो’ या वाक्याखाली आणखी तीन वाक्ये लिहून पाहावीत : मुलगी काडी जोडते, आजी चाळण धरते, बाप कैचीचे माप घेतो. तिन्ही वाक्यांत क्रियापद कर्त्याचे ऐकते. आणि ही तिन्ही माणसे सहसा जत्रेतच एकत्र भेटतात.